रानपाखरे, कायदा आणि फास

तेलगाव हे बीड जिल्ह्यातील माजलगाव आणि धारूर यांच्या दरम्यान, चौरस्त्यावर वसलेले गाव. उत्तरेस सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणाचा विस्तीर्ण जलाशय, दक्षिणेस बालाघाटाच्या उघड्याबोडक्या डोंगररांगा आणि या दोहोंच्या मध्ये ऊस, कापूस, ज्वारी यांची शेते, असा हा मुलूख आहे. पाणी, पीक आणि माळ या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे पाखरेही येतात. बांधावरचा तितर, गवतातला लावा, माळावरची पखुर्डी, पाणथळीतला पाणलावा आणि थंडीच्या दिवसांत दूरदेशाहून येणारी बदके यांची नावे या भागातील शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावी लागत नाहीत. तशीच त्यांची चवही अनेकांना पुस्तकातून कळलेली नाही. आणि म्हणूनच खेड्यापाड्यांत दर हिवाळ्यात एक प्रश्न निघतो: यांपैकी कोणते पाखरू मारण्यास कायद्याची परवानगी आहे आणि कोणते मारल्यास गुन्हा होतो?

या प्रश्नाची ठरावीक उत्तरेही तयार असतात. मोर मारता येत नाही, कारण तो राष्ट्रीय पक्षी. तितर, लावा, होला मारण्यास हरकत नाही, कारण ते पुष्कळ आहेत. बदके परदेशची, त्यांच्याशी येथील कायद्याचा काय संबंध. छर्ऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, तेव्हा तिने केलेली शिकारही बिनपरवाना चालते. ही उत्तरे आत्मविश्वासाने दिली जातात आणि ती देणाऱ्यांत शिकलेसवरलेले लोकही असतात. वस्तुस्थिती अशी की, ही सर्व उत्तरे चुकीची आहेत. आजच्या कायद्यानुसार हौसेसाठी, चवीसाठी किंवा विक्रीसाठी मारता येईल असे एकही रानपाखरू महाराष्ट्रात नाही. किंबहुना सबंध भारतात नाही. मग परवानगी असलेल्या आणि नसलेल्या पाखरांची ही यादी लोकांच्या मनात आली कोठून? ती केवळ अज्ञानातून आलेली नाही. अशी यादी एके काळी खरोखरच होती. कायदा बदलला, पण त्याची वार्ता माळापर्यंत पोचली नाही.

शिकाऱ्यांनी शिकाऱ्यांसाठी केलेले कायदे

हिंदुस्थानात पाखरांसाठी झालेला पहिला सर्वसाधारण कायदा १८८७ सालचा. विणीच्या हंगामात नुकत्याच मारलेल्या वा पकडलेल्या काही रानपाखरांची विक्री आणि बाळगणूक यांवर त्याने निर्बंध घालण्याची सोय केली. त्यानंतर १९०२ मध्ये पिसांच्या निर्यातीवर बंदी आली, कारण युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांवर खोवण्यासाठी बगळ्यांची नाजूक पिसे बोटी भरभरून जात होती. १९१२ मध्ये वन्य पक्षी व प्राणी संरक्षणाचा अधिक व्यापक कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात माळढोक, बदके, रानकोंबडे, तितर, मोर, लावे, पखुर्ड्या, बगळे, चास, खंड्या अशा पाखरांची नावे होती आणि सरकारने जाहीर केलेल्या ‘बंद हंगामात’ ती मारण्यास मनाई होती. याचा अर्थ उघड आहे. हंगाम खुला झाला की तीच पाखरे मारण्यास मुभा होती. पाखरू वाचावे हा या कायद्याचा अंतिम हेतू नव्हता. पुढल्या वर्षी मारण्यासाठी पाखरू शिल्लक राहावे, हा होता.

ही दृष्टी त्या काळच्या राज्यकर्त्यांना शोभेशीच होती. भरतपूर संस्थानातील केवलादेवच्या पाणथळीत १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पाखरे मारली गेली. हा आकडा लाजेने लपवला गेला नाही. तो अभिमानाने दगडावर कोरून ठेवण्यात आला. आज तीच पाणथळ राष्ट्रीय उद्यान आहे आणि जगभरचे पक्षिमित्र ते शिलालेख डोळे विस्फारून वाचतात.

मात्र शिकारी आणि अभ्यासक यांच्यामधील भिंत तेव्हा आजच्याइतकी उंच नव्हती, हेही सांगितले पाहिजे. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या नैसर्गिक इतिहास संस्थेची उभारणी ज्यांनी केली त्यांच्यात बंदूक चालविणारे पुष्कळ होते. डॉ. सलीम अली यांनी लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून कुतूहल वाटले, म्हणून ते ती घेऊन या संस्थेत गेले आणि भारतीय पक्षिशास्त्राला त्याचा सर्वांत मोठा अभ्यासक मिळाला. पण ज्या बंदुकीने एकाला अभ्यासक केले तिने हजारोंना केवळ शिकारीच ठेवले, हा त्या काळाचा खरा हिशेब होय.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. तो १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. जुन्या पिढीच्या तोंडी असलेले ‘परवाना’, ‘हंगाम’, ‘लहान शिकार’, ‘मोठी शिकार’ हे शब्द या सर्व जुन्या व्यवस्थांचे अवशेष आहेत.

१९७२ची यादी आणि १९९१चा निर्णय

खरा पालट १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने सुरू झाला. महाराष्ट्रात तो १९७३ मध्ये लागू झाला. या कायद्याने वन्य जीवांची वेगवेगळ्या अनुसूचींत विभागणी केली. पहिल्या अनुसूचीतील जीवांना पूर्ण संरक्षण मिळाले. मोर, माळढोक, तणमोर ही पाखरे तिच्यात होती. चौथी अनुसूची ‘लहान शिकारी’ची. तितर, लावे, बदके, होले, पखुर्ड्या अशी माळावरची आणि पाण्यावरची बहुतेक परिचित पाखरे तिच्यात होती आणि परवाना काढून, ठरलेल्या काळात, ठरलेल्या रीतीने त्यांची शिकार करता येत असे. रात्रीच्या वेळी, दिव्याचा झोत टाकून किंवा वाहनातून शिकार करण्यास मनाई होती. पाचव्या अनुसूचीत ‘उपद्रवी’ ठरविलेले जीव होते. कावळा त्यांच्यात होता. त्याला मारण्यास परवानाही लागत नसे. साधा पारवा तर कबुतरांच्या संरक्षित यादीतून नाव घेऊन वगळलेला होता.

म्हणजे ‘तितराला चालते, मोराला चालत नाही’ हे आज चुकीचे ठरणारे उत्तर १९७०च्या आणि १९८०च्या दशकांत, परवान्याच्या अटीवर, बरोबर होते. ज्यांनी त्या काळात शिकार पाहिली त्यांनी ते पुढच्या पिढीला सांगितले आणि पुढच्या पिढीने परवान्याची अट तेवढी विसरून बाकीचे लक्षात ठेवले.

१९९१च्या दुरुस्तीने ही सारी परवाना-पद्धत मोडीत काढली. पहिल्या चारही अनुसूचींतील वन्य जीवांची शिकार कोणीही करू नये, असे कलम ९ मध्ये सरळ शब्दांत लिहिले गेले. ‘खास शिकार’, ‘मोठी शिकार’, ‘लहान शिकार’ हे परवाने इतिहासजमा झाले. याच सुमारास देशी रानपाखरांच्या व्यापारावरही संपूर्ण बंदी आली. पोपट पिंजऱ्यात पाळणे हा त्यामुळे गुन्हा झाला. अंगणात पिंजरा टांगणाऱ्या कित्येक सुसंस्कृत कुटुंबांना आजही याची कल्पना नाही.

उरली होती ती पाचवी अनुसूची. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या २०२२च्या दुरुस्तीने ती रद्द केली आणि संरक्षित प्राण्यांच्या अनुसूची दोनवर आणल्या. पहिलीत अधिक संरक्षणाची गरज असलेले जीव आहेत आणि दुसरीत बाकीचे. ज्याला इतकी वर्षे कायद्याने उपद्रवी म्हटले तो कावळाही आता दुसऱ्या अनुसूचीत संरक्षित आहे. पितृपक्षात ज्याची वाट पाहायची आणि एरवी ज्याला दगड मारायचा, त्या पाखराला कायद्याने उशिरा का होईना न्याय दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

‘शिकार’ म्हणजे केवळ गोळी नव्हे

सामान्य वाचकाने समजून घेण्यासारखी याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याप्ती. मारणे ही तर शिकार आहेच. पण विष घालणे, पकडणे, फास लावणे, सापळा मांडणे, हाकून कोंडीत आणणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने शिकारच होय. पाखरांच्या बाबतीत कायदा आणखी पुढे जातो. त्यांच्या अंड्यांना इजा करणे, अंडी किंवा घरटी विस्कटणे हीदेखील शिकारच. बाभळीवरचे सुगरणीचे खोपे नांदते असताना दिवाणखान्यात टांगण्यासाठी तोडून आणणारा गृहस्थ, पिले पाळण्यासाठी पोपटाची ढोली फोडणारा मुलगा आणि तितराला फास लावणारा माणूस हे कायद्यापुढे एकाच रांगेत उभे आहेत.

हत्यार कोणते, याला या व्याख्येत काहीही महत्त्व नाही. कमी शक्तीच्या काही हवेच्या बंदुकांना परवाना लागत नाही, हे खरे. पण तो प्रश्न बंदुकीचा आहे, पाखराचा नाही. गुलेरीने मारलेला होला आणि दुनळीने मारलेला होला यांत कायदा फरक करीत नाही. पाखरू परदेशातून आले की येथे जन्मले, हाही मुद्दा गैरलागू आहे. हिमालय ओलांडून तिबेटाकडून येणारा पट्टकादंब असो की येथेच वीण करणारे हळदीकुंकू बदक असो, दोघांचे संरक्षण कायद्याने होते.

आणखी एक समज असा की, शिकार करणारा तेवढा गुन्हेगार. विकत घेणाऱ्याचा संबंध नाही. हे तर साफ चुकीचे आहे. वन्य प्राण्याचे मांस विकत घेणे किंवा स्वीकारणे हाही गुन्हाच आहे आणि बेकायदा मारलेले पाखरू हे सरकारी मालमत्ता ठरते. शिक्षाही लहान नाही. साधारणतः तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि पहिल्या अनुसूचीतील पाखरू असेल किंवा अभयारण्यात शिकार झाली असेल तर किमान तीन व कमाल सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे १९९४ पासून मोरांचे अभयारण्य आहे. मोर तेथे मारला काय किंवा अन्यत्र शेतात मारला काय, शिक्षेचे हे मोठे कलम लागू होतेच.

अपवाद आहेत, पण ते शिकाऱ्यासाठी नाहीत. एखादा वन्य प्राणी माणसाच्या जीवाला धोकादायक ठरला, किंवा दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. संशोधन, शिक्षण यांसाठीही अशी परवानगी मिळू शकते. केंद्र सरकार दुसऱ्या अनुसूचीतील एखाद्या प्राण्याला ठरावीक प्रदेशापुरते व ठरावीक मुदतीपुरते उपद्रवी जाहीर करू शकते. या सर्वांत निर्णय सरकारचा आहे. ‘पाखरे फार झाली’ असे गावाने परस्पर ठरवून चालत नाही.

पुष्कळ असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे

इतका कडक कायदा कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. तितर आणि लावे आजही बांधाबांधावर ऐकू येतात. मग वाघाला असते तसे संरक्षण त्यांना का द्यावे? याचे उत्तर इतिहासाने दोनदा दिले आहे. उत्तर अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात प्रवासी कबुतरांचे थवे सूर्य झाकोळीत असत. त्यांची गाड्या भरून शिकार झाली, त्यांची वस्तीची राने तोडली गेली आणि त्या जातीतील शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. कोट्यवधींची संख्या हीच जिचा विमा मानली गेली होती ती जात एका माणसाच्या आयुष्यात संपली.

दुसरा दाखला घरचा आहे. माळढोक हा दख्खनच्या माळांचा पक्षी. मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते. जीपगाड्या आल्या, बंदुका सुधारल्या, माळ नांगराखाली गेले आणि हे उंचेपुरे, संथ चालीचे पाखरू निशाणावर आले. १९६३ मध्ये मोराला राष्ट्रीय पक्षी म्हणून निवडण्यात आले. माळढोकाला तो मान द्यावा, म्हणजे निदान त्याचे रक्षण तरी होईल, असे सलीम अली यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. १९७९ मध्ये सोलापूर आणि बीडच्या शेजारच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत माळढोकासाठी अभयारण्य घोषित झाले. नान्नजचे नाव त्यामुळे देशभर गेले. पण तोवर उशीर झाला होता. आज देशात उरलेले माळढोक दोनशेच्याही आत असून ते बहुतेक राजस्थानात आहेत. महाराष्ट्राच्या माळावर तो आता दंतकथेसारखा झाला आहे. तितर आज जेथे आहे तेथे एके काळी माळढोकही होता, एवढे लक्षात ठेवले तरी ‘पुष्कळ आहेत’ या युक्तिवादातील फोलपणा कळतो.

परदेशांत आजही पाखरांची कायदेशीर शिकार चालते, हे खरे आहे. ब्रिटनमध्ये १२ ऑगस्टला ग्राऊज पाखरांच्या शिकारीचा हंगाम समारंभपूर्वक सुरू होतो. अमेरिकेत १९१८च्या कायद्याने स्थलांतरी पाखरांना संरक्षण दिले, तरी बदकांची शिकार हंगाम व संख्येची मर्यादा घालून चालू ठेवली. बदकांच्या शिकाऱ्यांनी घ्यावयाच्या तिकिटाच्या पैशातून १९३४ पासून पाणथळी विकत घेऊन राखल्या जात आहेत. ही पद्धत येथे का नको, असे विचारणारे आहेत. पण तिच्यासाठी दरवर्षी पाखरांची विश्वासार्ह मोजदाद लागते, गावोगावी माणसे लागतात, परवान्यावरचा आकडा आणि पिशवीतला आकडा ताडून पाहणारी यंत्रणा लागते. १९७३ ते १९९१ या काळात परवाने होते. मारलेल्या पाखरांची खरी मोजणी मात्र कोण करीत होते? जेथे मोजता येत नाही तेथे मारू नये, हाच शहाणपणाचा नियम होय.

शेतकऱ्याची बाजू

तथापि पाखरांच्या बाजूने बोलताना शेतकऱ्याची बाजू विसरून चालणार नाही. ज्वारी हुरड्यात आली की पोपटांचे आणि भोरड्यांचे थवे उतरतात. मोर भुईमूग उकरतात, कोवळे कोंब खातात. ज्याच्या दोन एकरांवर वर्षाचा संसार उभा आहे त्याला पक्षिसंरक्षणावर व्याख्यान देणे सोपे आहे. त्याचे पीक राखणे अवघड आहे. पूर्वी माचाणावर बसून गोफण फिरवणारी माणसे घरात होती. आता मुले शाळेत जातात, मोठी माणसे ऊसतोडीला जातात आणि रानात राखणीला कोणी उरत नाही. अशा वेळी कोणी दाण्यांना कीटकनाशक चोळून बांधावर टाकतो. त्या दाण्याने पोपट मरतो, तसे तितर, होले आणि मोरही मरतात. मेलेले पाखरू खाणारे कुत्रेही मरते. हा उपाय नव्हे, अपघात आहे. आणि कायद्याच्या दृष्टीने ती शिकारच आहे.

पाखरे केवळ पीक खातात, असेही नाही. ज्या भोरड्या ज्वारीवर तुटून पडतात त्या टोळ आणि नाकतोडे यांचाही फडशा पाडतात. तितर वाळवी खातो, बगळा नांगरामागे चालत किडे वेचतो, घुबड आणि पिंगळा उंदीर मारतात. चीनमध्ये १९५८ मध्ये चिमण्यांना धान्याचे शत्रू ठरवून देशभर त्यांची कत्तल करण्यात आली. पिकांवरील किडीला मग आवर उरला नाही आणि १९६० मध्ये चिमणीचे नाव शत्रूंच्या यादीतून काढून टाकावे लागले. शेतकऱ्याने पाखरे हाकलावीत, जरूर हाकलावीत. गोफण, डबे, बुजगावणे, चकाकत्या फिती यांना कायद्याची आडकाठी नाही. पण नुकसान मोठे असेल तर त्याची भरपाई वेळेवर आणि कागदपत्रांच्या फेऱ्यांत न अडकता मिळाली पाहिजे. ज्या कायद्याचा लाभ साऱ्या समाजाला मिळतो त्याचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकणे न्याय्य नव्हे.

फास कोणाच्या हातात?

आणखी एक बाजू अशी आहे की, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. मराठवाड्यात तितर-लाव्यांचा विषय निघाला की बोट दाखवले जाते ते फासेपारध्याकडे. त्याचे नावच त्याच्या धंद्यावरून पडलेले. ताती आणि केस यांचे बारीक फास विणणे, पिंजऱ्यातल्या शिकवलेल्या तितराला बोलते करून रानातल्या तितराला ओढून आणणे, पाखराची पायवाट आणि चरण्याची वेळ ओळखणे, ही विद्या त्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आली. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्या शिक्क्याखाली पारधीही भरडले गेले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पारधी कागदोपत्री मुक्त झाले, पण गावाच्या नजरेत नाही. पुढे वीस वर्षांत १९७२चा कायदा आला आणि ज्या एका विद्येवर त्यांचे पोट होते तीच गुन्हा ठरली. एका कायद्याने माणूस गुन्हेगार ठरवला होता; दुसऱ्याने त्याचा धंदा.

यात कायद्याचा हेतू वाईट होता, असे कोणीही म्हणणार नाही. पण त्याचा भार सर्वांवर सारखा पडला नाही, हे मान्य करावे लागेल. हौसेने शिकार करणाऱ्या संस्थानिकाची, जमीनदाराची किंवा अधिकाऱ्याची बंदूक खुंटीला टांगली गेली, तरी त्याची चूल विझली नाही. पारध्याची चूल मात्र फासावरच पेटत होती. २००६च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्यांचे अनेक परंपरागत हक्क मान्य केले. पण त्यातूनही शिकारीचा आणि सापळा लावण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. तो वगळणे योग्यच होते. मात्र हक्क वगळताना त्याच्या जागी जमीन, शाळा आणि रोजगार पोचला का, हा प्रश्न सुटत नाही.

आणि येथे विकत घेणारा पुन्हा आठवतो. पारधी दिवसभर रान तुडवून चार तितर आणतो ते स्वतःच्या ताटात वाढण्यासाठी क्वचितच. ते जातात मोटारीतून फिरणाऱ्याच्या, ढाब्यावर ‘खास’ काही मागणाऱ्याच्या, नोकरी-पेशातल्या माणसाच्या ताटात. पकडला जातो तो मात्र फास लावणारा. तो जामिनाविना कोठडीत बसतो आणि ज्याच्या पैशावर हा धंदा चालतो त्याचे नाव कोणत्याच कागदावर येत नाही. गिऱ्हाईकाला हात न लावता केवळ फास जप्त करीत राहिल्याने पाखरे वाचणार नाहीत.

दुसरा मार्ग आहे आणि तो कल्पनेतला नाही. विदर्भात अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजातील माणसे गवताळ रानांचे आणि तणमोराचे रक्षण करण्यासाठी पुढे आली आहेत. ज्याला पाखराचे घरटे शोधता येते त्यालाच ते राखताही येते. नागालँडमधील पांगती या गावाच्या परिसरात २०१२ मध्ये जाळी लावून अमूर ससाणे हजारोंच्या संख्येने पकडले जात होते. त्याची जगभर बोंब झाली. पण पुढल्याच वर्षी, २०१३ मध्ये, गावांनी, चर्चने, वन खात्याने आणि पक्षिप्रेमींनी मिळून ती शिकार थांबवली आणि ससाण्यांचे गाव म्हणून पांगतीची ओळख झाली. तेथे कायदा पूर्वीही होताच. फरक पडला तो गावाने तो आपला मानल्यामुळे.

मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकाऱ्याने पाखरांची मराठी नावे गोळा केली ती पारधी, कोळी, आदिवासी यांच्या तोंडून. मराठी भाषेचे हे ऋण ज्या माणसांवर उभे आहे त्यांना वन खात्याच्या पाहणीत, पाणथळींच्या राखणीत, अभयारण्यांतील मार्गदर्शनात वेतनी काम देणे हा उपकार नव्हे. ती उशिराची परतफेड होय.

कायदा माळापर्यंत न्यावा

तेव्हा तेलगावच्या चौरस्त्यावर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते: कायद्याने मारण्याजोगे रानपाखरू आता नाही. पण एवढे वाक्य पाठ करून भागणार नाही. ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, बाजारतळावर, शाळेच्या भिंतीवर मराठीत आणि पाखरांच्या स्थानिक नावांसह लागले पाहिजे. ‘अनुसूची दोन’ हे शब्द कोणाला समजत नाहीत; ‘तितर, लावा, होला, पोपट, बदक’ हे सर्वांना समजतात. शिकार दिसली तर वन खात्याचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक आहे, हे मुलांना ठाऊक हवे. घरटी हुडकण्यात जी मुले तरबेज असतात त्यांच्याच हाती नोंदवही देऊन कोणते पाखरू कोणत्या महिन्यात आले, कोठे वीण केली, हे लिहावयास लावणारा एक शिक्षक दहा फलकांचे काम करील.

आणि ज्यांना पगार आहे, वर्तमानपत्र आहे, कायदा वाचता येतो, त्यांच्यावरची जबाबदारी सर्वांत सोपी आणि सर्वांत मोठी आहे. कोणी पिशवीत झाकून तितराची जोडी दाखवली तर ती घेऊ नये. फास लावणाऱ्याला उपाशी पोट फास लावावयास लावते. विकत घेणाऱ्याला तसे काहीच कारण नसते. त्याने हात आखडता घेतला, तर माळावरचा निम्मा फास आपोआप सुटेल.